मॅग्नेट ठीक आहे, पण फोन कोण करणार?

सीटी स्कॅन नॉर्मल आला की सगळे खूश होतात, ज्याचं डोकं दुखतंय तो सोडून! बाईकवरून पडलेल्या माणसाच्या हातात नॉर्मल रिपोर्ट पडला की घरचे निर्धास्त, आणि मॅनेजरचं "मग सोमवारपासून येतोयस ना?" सुरू. पण मेंदूला सौम्य मार बसला असेल तर तो स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि त्यानंतरची डोकेदुखी काहींना तीन-तीन महिने सोडत नाही.

यावरचं बरंच काम अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या सैनिकांवर झालंय. २०१६ साली सॅन डिएगोच्या एका अभ्यासात २४ माजी सैनिक होते. निम्म्यांच्या डोक्याशी कॉइल धरून चुंबकीय झटके (आरटीएमएस) दिले, निम्म्यांना नुसतं नाटक. आठवड्याने खऱ्या गटात १२ पैकी ७ जणांचं दुखणं निम्म्यावर किंवा त्याखाली आलं, नाटकवाल्या गटात दोघांचं. (हो, नाटकानेही दोघांना बरं वाटलं!) आकडा लहान आहे, पण सोडून देण्यासारखा नाही.

दुसरा अभ्यास २०२२ चा, टेक्सासमधला, १९३ माजी सैनिकांवर. तिथे मशीन नाही, थेरपिस्टशी बोलणं. मुख्यतः मोजलं काय, तर डोकेदुखी रोजचं आयुष्य किती खाते ते. आणि ते खाणं कमी झालं.

म्हणून या दोन्हींची जोडी मला पटते. कॉइलसाठी दवाखान्यात जावंच लागतं. पण बोलण्यासाठी कशाला? ज्याला हॉर्नचा आवाज सहन होत नाही त्याला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तासभर थेरपीला पाठवणं म्हणजे कमाल आहे. व्हिडिओचाही हट्ट नको, स्क्रीनने डोकं उठतं. अंधाऱ्या खोलीत साधा व्हॉइस कॉल पुरे.

मित्र म्हणतो, "झोप नीट, स्क्रीन कमी बघ, हे तर आईपण सांगते." सांगते ना! पण साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतली तर तीच डोकं दुखवायला लागते, हे आई सांगत नाही. गोळ्यांची डायरी ठेवायला लावून पुढच्या मंगळवारी आकडा विचारत नाही. काम तुकड्यांत कसं वाटायचं, दुखायच्या आधीच कसं थांबायचं, हे सवयीने येतं, आणि सवय लावायला कोणीतरी मागे लागावं लागतं.

मला भीती वेगळीच आहे. आपण यातलं फक्त मशीन उचलू. मशीनचा फोटो जाहिरातीत छान येतो, दहा सेशनचं पॅकेज करता येतं. फोनवरच्या अर्ध्या तासाचं काय बिल लावणार? तेव्हा कोणी असं पॅकेज दाखवलंच तर आधी विचारा, कॉइलचे सेशन संपल्यावर दर आठवड्याला फोन कोण करणार? "गरज वाटली तर तुम्हीच करा" असं उत्तर आलं तर पाकीट खिशातच राहू द्या.