तू झोप, मी आहे!

भंडाऱ्याच्या मुलीने समुद्राच्या गप्पा मारू नयेत, असा एक अलिखित नियम आहे. आमच्याकडे आहे काय? तलाव! जिल्ह्याची ओळखच ती. शिवाय वैनगंगा आणि पवनीजवळचं गोसेखुर्द धरण. शाळेत 'खारे वारे आणि मतलई वारे' दोन मार्कांसाठी पाठ केले, पेपरात उतरवले आणि विसरले. यातल्याच मतलई वाऱ्यावर पुढे आपली बोट चालणार आहे, असं तेव्हा सांगितलं असतं तर अख्खा वर्ग हसला असता.

'आपली बोट' म्हणजे फार भारी काही नाही हं. सेकंडहँड, २५ फुटी, दोन शिडं आणि आत दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी जागा. लोक फ्लॅटचे हप्ते भरतात, आम्ही हिचे. दिवसा मुंबई बंदरात बऱ्याच चकरा मारून झाल्या होत्या. आता रात्रीचा प्रवास करायचा होता. मुंबई ते मुरूड, चाळीसेक सागरी मैल. जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी सातला निघायचं आणि उजाडताना पोचायचं, असा प्लॅन.

नियम साधा होता. तीन-तीन तासांची पाळी. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने झोपायचं. नऊ ते बारा नवरोबा, बारा ते तीन मी. लाइफ जॅकेट आणि बोटीला बांधलेला पट्टा दोघांनाही कंपल्सरी. आणि शंका आली की लगेच उठवायचं, कितीही फालतू वाटली तरी!

दहाच्या सुमाराला खांदेरीचा दिवा दिसला. जमिनीकडून गार वारा सुटला. हाच तो मतलई! मी खूश होऊन आत जाऊन झोपले.

जाग आली ती शिडाच्या फडफडीने. घड्याळात अडीच. अडीच? मला तर बाराला उठवायचं होतं ना! बाहेर आले तर साहेब सुकाणूला टेकून डुलक्या घेतायत आणि समोर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले, म्हणजे ती बोट थेट आपल्यावर येतेय. वर मासेमारीचे दिवेही होते. अशा बोटीला शिडाच्या बोटीनेही वाट द्यायची असते. मी सुकाणू ओढून बोट उजवीकडे वळवली. हिरवा दिवा दिसेनासा झाला, फक्त लाल उरला. ट्रॉलर धडधडत डावीकडून गेला. अंतर तसं बरंच होतं. पण माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

''उठवलं का नाहीस?''

''अगं, एवढी गाढ झोपली होतीस... म्हटलं, झोपू दे.''

ऐकायला किती गोड ना? पण खरं सांगू, मला भयंकर राग आला. कारण 'झोपू दे'च्या मागे एक न बोललेलं वाक्य होतं, 'तुला जमेल की नाही कोण जाणे.' त्याने ते कबूल केलं, पण पहाटे.

२००९-१० मध्ये दिलीप दोंदे 'म्हादेई'वरून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. एकट्या माणसाला झोपेचे तुकडेच गोळा करावे लागतात, त्याला इलाज नसतो. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. 'तारिणी'वरून गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीला फेरी मारून परतल्या. आठ महिने, दोघीच! एकीला झोप लागायची, तर दुसरीवर किती भरवसा हवा!

आमची तर एकच रात्र होती, आणि त्यातही आम्ही दोघं असून नवरोबा एकटेच बोट चालवत होते.

''आत जा आणि झोप,'' मी म्हटलं. तो गेला. पाच मिनिटांनी डोकं बाहेर. ''सगळं ओके?'' पुन्हा पाच मिनिटांनी. तिसऱ्यांदा मात्र डोकं आलं नाही, घोरणं आलं. एरवी त्या घोरण्यावरून आमची भांडणं होतात. त्या रात्री लग्नानंतरचं सगळ्यात मोठं कॉम्प्लिमेंट मिळाल्यासारखं वाटलं.

पाचच्या सुमाराला समोर एक लुकलुकणारा दिवा दिसला. होडी की जाळ्याची खूण, कळेना. एकटीनेच निभावून दाखवावं, असा मोह मलाही झालाच. पण मी हाक मारली. तो लगेच उठून आला. जाळंच होतं. वळसा घातला, आणि उजाडताना मुरूड आलं.

होळीला भंडाऱ्याला गेले, तेव्हा पवनीच्या घाटावर एक ढिवर जोडपं डोंग्यातून उतरत होतं. नवऱ्याच्या हातात जाळं, बायकोच्या हातात बांबू. मी कौतुकाने विचारलं, रात्री भीती नाही वाटत? बाई हसली. ''भेव कायचा? हा जाळं पायते, मी पानी पायतो.''

आम्हाला हे शिकायला २५ फुटी बोट आणि तिचे हप्ते लागले. तुम्ही या वीकेंडला घरातल्या घरातच ट्राय करा. एक काम पूर्ण सोपवा, आणि खुशाल झोपा!