भित्तिपत्रक की आभारपत्रक?

नाटकाच्या तालमी दोन महिने चालाव्यात आणि त्याचे भित्तिपत्रक दोन तासांत उरकावे, ही रीत आम्हांस मान्य नाही. मिसरोदच्या रस्त्यावर आमच्याच मंडळींच्या नाटकाचा फलक आम्ही पाहिला. वर प्रमुख पाहुणे, खाली देणगीदार, मध्ये कलावंतांचे पासपोर्टछाप चेहरे. नाटकाचे नाव मात्र शोधावे लागले. दोष संगणकाचा नव्हे, आमचा आहे.

मराठी रंगभूमीने चित्रकाराला असे दाराबाहेर ठेवले नव्हते. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले; पुढे ‘कल्याण खजिना’ (१९२४) या आपल्या चित्रपटाचे भित्तिपत्रकही बाबूरावांनी चितारले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी तर नाटकाच्या नावाच्या अक्षरांतच नाटकाचा स्वभाव उतरविला.

चित्रकाराने तालीम का पाहावी, याचे उत्तर ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) देते. छायाचित्रे जुळविणारा नाना आणि घाशीराम यांचे चेहरे चिकटवील. तालीम पाहिलेल्या चित्रकारास मात्र ती गाणारी, डोलणारी, सारे काही झाकणारी माणसांची भिंत दिसेल. नाटकाचा अर्थ त्या भिंतीत आहे.

‘चित्रकार परवडत नाही’, असे कार्यकारिणी म्हणते. मग बहुरंगी छपाई कशी परवडते? दोन रंगांत उत्तम चित्र छापता येते. ‘छायाचित्र नसले तर कलावंत रुसतात’, हा दुसरा आक्षेप. त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत सन्मानाने छापावीत. देणगीदारांस तळाची एक पट्टी पुरे.

आम्हांस खरी चिंता नातवंडांची आहे. हिंदीमुळे ती देवनागरी वाचतात. पण मराठी शब्दापाशी अडतात आणि पुढे निघून जातात. त्यांना क्षणभर थांबविण्याचे सामर्थ्य आज चित्रात आहे. ‘आजोबा, ही माणसे पाठ फिरवून का उभी आहेत?’ एवढा प्रश्न घरात उमटला, तरी नाटकाचे अर्धे तिकीट फाटले असे समजावे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: पहिल्या वाचनालाच चित्रकारास बोलवावे, एकच प्रतिमा निवडावी आणि स्कूटरवरून जाणाऱ्यास नाव वाचता येईल एवढे ते ठळक असावे. ज्या भित्तिपत्रकात नाटक नाही, ते लावण्यापेक्षा भिंत कोरी राहिलेली बरी.