बारदान लष्कराचं, वाट परक्याची

ऑक्टोबर 2025 च्या शेवटी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या मेसा गावाहून एक भलंमोठं मालवाहू विमान भारताकडे निघालं. पोटात तीन अपाचे हेलिकॉप्टर, पंखे काढून ठेवलेले. विमान इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर उतरलं, आठ दिवस तिथंच उभं राहिलं आणि मग पुढे येण्याऐवजी माल घेऊन परत अमेरिकेला गेलं! तुर्कियेने आपल्या आकाशातून जाऊ दिलं नाही, अशा बातम्या आल्या. बोइंग कंपनीने मात्र वाहतुकीची अडचण झाली, एवढंच सांगितलं. शेवटी डिसेंबरमध्ये ती तीन हेलिकॉप्टर गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर पोचली.

गंमत बघा. या हेलिकॉप्टरांचे सांगाडे मुळात हैदराबादला टाटा-बोइंगच्या कारखान्यात तयार होतात. म्हणजे सांगाडा इथून अमेरिकेला, तिथं त्यात इंजिन आणि बाकीची यंत्रं, मग पुन्हा इकडे. सहा हेलिकॉप्टरांचा करार 2020 चा. पहिली तीन आली जुलै 2025 मध्ये. कारखान्यातला उशीर आपण समजू शकतो, पण तयार माल रस्त्यात अडतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

बाजार समितीत धान्याचं वजन करताना बारदान वजा करतात. पोत्याला कोण विचारतो? लष्करी मालात उलट आहे. तिथं बारदानच निम्मं काम करतं. जेट इंजिन साध्या खोक्यात येत नाही. ते हवाबंद डब्यात, धक्के शोषणाऱ्या आधारांवर ठेवतात. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या असतात आणि ओल वाढली की रंग बदलणारं कार्डही असतं. लाकडी पेटी असेल तर तिचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. नाहीतर लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते. हा नियम फर्निचरच्या पेटीलाही आहे आणि तोफेच्या सुट्या भागालाही.

आता नवा कल असा, की पेटी आणि शस्त्र यातला फरकच मिटत चाललाय. ब्रह्मोस क्षेपणास्त्र ज्या नळकांड्यात बंद होऊन येतं, त्यातच ते साठवतात आणि त्यातूनच डागतात. अमेरिकेच्या हायमार्स गाडीवरचा सहा रॉकेटांचा डबाही तसाच, आला की चढवायचा आणि संपला की उतरवायचा. सैनिकाचं काम सोपं होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे ते मुळीच कळत नाही. सगळी भिस्त कागदावर आणि पट्टीवरच्या नंबरावर.

आणि कागद चुकला तर? 2006 मध्ये तैवानने अमेरिकेकडून हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. पोचले काय, तर अण्वस्त्रवाहू मिनिटमन क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसणारे फ्यूजचे चार संच. त्यात अणुस्फोटक नव्हतं, पण ही चूक उघडकीला यायला 2008 चा मार्च उजाडला. त्याच सुमारास हवाई दलाकडून अण्वस्त्रं हाताळण्यात दुसरीही मोठी चूक झालेली होती. परिणामी अमेरिकेच्या हवाई दलाचे सचिव आणि प्रमुख, दोघांनाही जावं लागलं. परीक्षेच्या गठ्ठ्यावर चुकीचं लेबल लागलं तर आमच्याकडे केवढा गोंधळ होतो, ते शिक्षकांना माहीत आहे. इथं तर गठ्ठा कसला होता!

वाहनांचाही तुटवडा आहे. अपाचे घेऊन निघालेलं ते विमान होतं अँटोनोव्ह 124. नाक वर उचलून तोंड उघडतं आणि शंभर टनांहून जास्त माल गिळतं. जगात अशी जेमतेम 55 विमानं बनली आणि त्यांचं उत्पादन कधीच थांबलंय. यातली मोठी संख्या रशियन कंपनीकडे होती. युक्रेन युद्धानंतर निर्बंधांमुळे ती पाश्चात्त्य बाजारातून बाद झाली. त्यातलं एक तर फेब्रुवारी 2022 पासून कॅनडात टोरांटोला अडकलंय. याहून मोठं, एकुलतं एक अँटोनोव्ह 225 त्याच महिन्यात कीव्हजवळ नष्ट झालं. बोइंग 747 चं उत्पादन 2023 च्या सुरुवातीला संपलं, लष्करी सी-17 चं 2015 मध्ये. भारताच्या हवाई दलाकडे 11 सी-17 आहेत. एप्रिल 2024 मध्ये फिलिपिन्सला ब्रह्मोसचा पहिला हप्ता त्यातल्याच विमानाने पोचवला. एक वर्षानंतरचा दुसरा हप्ता मात्र समुद्रमार्गे गेला.

समुद्राची वाट स्वस्त, पण तिथं बंदरं लागतात आणि बंदरावर माणसं असतात. मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे 2024 मध्ये मारियान डॅनिका नावाचं जहाज चेन्नईहून इस्रायलच्या हैफाकडे निघालं होतं. त्यावर सुमारे 27 टन स्फोटक साहित्य होतं. स्पेनने कार्ताहेना बंदरात थांबायची परवानगी नाकारली आणि इस्रायलला शस्त्रं नेणाऱ्या कुठल्याही जहाजाला थांबू देणार नाही, असं परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं. जून 2025 मध्ये फ्रान्समध्ये मार्सेलजवळच्या फॉस बंदरातल्या कामगारांनी मशीनगनच्या पट्ट्यांचे भाग चढवायला नकार दिला. वजन सुमारे 14 टन. त्याआधी 2019 मध्ये इटलीत जेनोआच्या कामगारांनी सौदी जहाजावर जनरेटर चढवले नव्हते. जनरेटर म्हणजे शस्त्र नव्हे, हे खरं. पण ते लष्करासाठी आहेत आणि येमेनच्या युद्धात वापरले जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. सौदी असो की इस्रायल, मापदंड एकच, म्हणून त्यांचं बोलणं वजनदार ठरलं.

आपल्याकडेही फेब्रुवारी 2024 मध्ये 11 प्रमुख बंदरांतल्या कामगारांच्या महासंघाने इस्रायलसाठीची शस्त्रं चढवणार-उतरवणार नाही, असं सांगितलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये याच निर्यातीविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, असं न्यायालय म्हणालं. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2025 मध्ये धोरण सरकारवरच सोपवलं. पण एफ-35 विमानाचे सुटे भाग इस्रायलला पाठवायचा परवाना सहा आठवड्यांत नव्याने तपासा, असा आदेश दिला. दोन्ही निकालांतलं अंतर वाचकांनी स्वतः मोजावं.

2024-25 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 23,622 कोटी रुपयांवर गेली. 2013-14 मध्ये ती 686 कोटी होती. प्रगती आहे, नाकारायचं कारण नाही. पण जेवढ्या पेट्या जास्त, तेवढे 'कुणाला आणि कशासाठी' हे प्रश्न जास्त. लष्करी मालाचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. कुठल्या देशाला काय गेलं, हे वर्षाच्या वर्षाला तपशिलाने संसदेपुढे ठेवलं तर व्यापार बुडणार नाही. ब्रिटन आपल्या परवान्यांची आकडेवारी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करतं आणि तरीही त्यांची शस्त्रं विकली जातातच.

पेटी उचलणाऱ्या हातांबद्दल मात्र कुणीच आकडे मागत नाही. 20 नोव्हेंबर 2018 ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर आलेली आसपासच्या गावांतली माणसं होती.