खमरियाचा इतिहास भंगारात जाण्यापूर्वी

पाऊस ओसरला, रस्ते कोरडे झाले आणि दसरा-दिवाळीच्या मधले निवांत दिवस आले, की राजधानीपासून दूरच्या एखाद्या शहरातील संग्रहालये आणि कलादालने पाहून यायची, असा माझा जुना नेम आहे. दिल्लीच्या दालनांत देशाचा इतिहास घडी मोडू न दिलेल्या वस्त्रासारखा मांडलेला असतो. जिल्ह्याच्या गावी तो अपुऱ्या उजेडात, हाताने लिहिलेल्या पाट्यांखाली भेटतो, आणि तेथे काय ठेवले आहे याइतकेच काय ठेवलेले नाही हेही समजते. या नेमातच शरदातले काही दिवस जबलपुरात घालवले. मुक्काम शहराच्या कडेला, खमरियाच्या आयुध निर्माणीजवळ, एका निवृत्त स्नेह्यांकडे होता. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत विदर्भातून येथे कामाला आले. मुलगाही त्याच फाटकातून पस्तीस वर्षे आत-बाहेर करीत राहिला.

पहिल्या संध्याकाळी मी भेडाघाटच्या योगिनींविषयी उत्साहाने बोलत असताना ते उठले आणि कपाटातून एक लहान डबी घेऊन आले. आत पितळेचा गोल बिल्ला होता. मधोमध कोरलेला क्रमांक, वर दोरीसाठी भोक. वडिलांच्या हजेरीचा. ‘‘तुम्ही इतक्या लांबून दगड पाहायला आलात, ते योग्यच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण हा आमच्यामागे कुठे ठेवायचा, तेवढे सांगा.’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यात पुढचे दिवस गेले.

जबलपूर हे वस्तूंच्या बाबतीत दरिद्री शहर नव्हे. उलट भारतीय संग्रहालयांच्या इतिहासातच त्याचे स्थान पहिल्या पानावर हवे. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या छावणी भागात काही अश्मीभूत हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून आपल्याला ठाऊक असलेले स्लीमन ते हेच. ती हाडे हातोहाती कोलकात्यास पोहोचली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांच्या आधारे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतात सापडलेले हे पहिले डायनोसॉर. पुढे विसाव्या शतकात सी. ए. मॅटली यांनी बडा सिमला टेकडी आणि गन कॅरेज फॅक्टरीच्या परिसरात खोदकाम करून आणखी हाडे काढली; त्यांतील काही कोलकात्यास, काही लंडनला गेली. स्लीमन यांना सापडलेल्या मूळ मणक्याचा ठावठिकाणा मात्र नंतर हरवला. तो २०१२ साली पुन्हा सापडला, तोही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहातच. शोधणाऱ्यांत नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे होते. एवढी वर्षे बेपत्ता राहूनही तो मणका हाती लागला, कारण तो कोणत्या तरी सरकारी कपाटात ठेवलेला होता. पितळी बिल्ल्याच्या नशिबी तसे कपाट नाही.

शहराच्या पश्चिमेस तेवर हे गाव आहे. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. येथल्या इतिहासाची मांडणी करण्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे, आणि जबलपुरात त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ साली त्रिपुरीचे उत्खनन केले. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा महाग्रंथ सिद्ध केला. तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, १८६३ पासून मध्य प्रांतातल्या वस्तू गोळा करीत होते. सीमा बदलल्या तरी संग्रह बदलत नाहीत. त्यामुळे कलचुरींचा अभ्यासक आजही जबलपूर आणि नागपूर अशा दोन राज्यांतल्या दोन शहरांच्या येरझाऱ्या घालतो.

परदेशात गेलेली मूर्ती परत आली की आपल्याकडे मोठा समारंभ होतो, आणि तो व्हायलाच हवा. उत्तर प्रदेशातील लोखरीहून चोरीस गेलेली वृषानना योगिनी २०१३ मध्ये पॅरिसहून आली, तिच्याच समूहातील अजमुखी योगिनी २०२२ मध्ये लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तालयाच्या स्वाधीन झाली. देशातल्या देशात, एका राज्याच्या संग्रहातून दुसऱ्या राज्याच्या दालनात वर्षभरासाठी वस्तू उसनी देण्याची साधी रीत मात्र आपण रुजवलेली नाही. जबलपूरच्या मुलांना आपल्या मातीतल्या डायनोसॉरच्या मणक्याची निदान साच्यावरून काढलेली प्रतिकृती पाहता यावी, यात खर्चाचा फारसा प्रश्न नाही.

भंवरतालजवळचे राणी दुर्गावती संग्रहालय मी सावकाश पाहिले. कलचुरी काळातल्या शैव, वैष्णव, जैन मूर्तींसमोर तासन्‌तास जातात. गोलबाजारातील शहीद स्मारकात भिंतीवरची चित्रे आहेत; ती रंगवणाऱ्यांत नंदलाल बोस यांचे शिष्य, जबलपूरचेच ब्योहार राममनोहर सिन्हा होते. आपल्या संविधानाच्या प्रास्ताविकेचे पान ज्या नक्षीने वेढलेले आहे ती त्यांच्याच हातची, आणि कोपऱ्यात ‘राम’ एवढीच सही. देशभरातील शाळांच्या भिंतींवर हे पान टांगलेले असते. चित्रकाराचे नाव किती शिक्षक सांगू शकतील, याविषयी मला शंका आहे. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन, आजारी सुभाषबाबूंचे अध्यक्षपद आणि त्यानंतरची फूट, हाही या शहराच्या स्मृतीचा भाग आहे.

म्हणजे हाडे आहेत, मूर्ती आहेत, स्वातंत्र्यलढा आहे. या क्रमात त्यानंतर काय, असे विचारले की बोट हवेत राहते. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून येथे तोफांचे गाडे बनवते आहे. २०१९ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झालेल्या पहिल्या ‘धनुष’ तोफा येथल्याच. महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये वाहन निर्माणी आली. लष्कराची जोंगा गाडी अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. हा शब्द जपानी किंवा स्वाहिली नसून ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावातली अक्षरे जुळवून तयार झाला आहे. शहराच्या तीन-चार पिढ्या भोंग्याच्या वेळेवर जेवल्या आणि झोपल्या. पंजाब, बंगाल, केरळ, विदर्भ, खानदेश येथून आलेल्या माणसांनी वसाहतीत एकाच नळावर पाणी भरले. स्वतंत्र भारतातील नियोजित औद्योगिक समाजाचा हा सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही दालनात मला आढळली नाही.

युद्धाच्या संग्रहालयांची आपल्याकडे वाण नाही. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहलींचे ठरलेले ठिकाण आहे. तेथे रणगाड्याचे वजन कळते, तोफेचा पल्ला कळतो. तोफेच्या गोळ्यात दारू भरणाऱ्या हातांविषयी मात्र काही कळत नाही. ते काम किती जोखमीचे असते, हे २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटाने दाखवले; त्यात कामगारांचे प्राण गेले. सीमेवर पडलेल्या सैनिकाचे नाव दगडावर कोरले जाते. या मृतांची नावे आज वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत आणि त्यांच्या घरांत आहेत.

आता घाई का, असे विचारले जाईल. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. जबलपूरचे कारखानेही वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. खमरिया ज्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आले तिचे मुख्यालय पुण्यात आहे, तेव्हा हा प्रश्न मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. खडकी, देहूरोड, वरणगाव, भद्रावती या वसाहतींत वाढलेल्या कोणालाही त्याची ओळख पटेल. कंपनीने नफ्याकडे पाहावे, जुनी यंत्रे बदलावीत, गोदामे रिकामी करावीत, हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. ज्या वस्तूंना संग्रहालयाच्या भाषेत नाव नाही त्यांना हिशेबाच्या भाषेत एकच नाव आहे, भंगार. लिलावाच्या यादीत शंभर वर्षांचे लेथ यंत्र आणि दहा वर्षांचे वाकडे कपाट यांचा भाव किलोवर ठरतो.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ केंद्र सरकारबरोबरच सार्वजनिक उपक्रमांनाही लागू आहे; प्रत्येक ठिकाणी अभिलेख अधिकारी नेमणे आवश्यक आहे आणि अनधिकृतपणे कागद नष्ट करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तूसाठी शंभर वर्षांची आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी व दस्तऐवजांसाठी पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. गन कॅरेज फॅक्टरीची आरंभीची यंत्रे पहिली मर्यादा ओलांडून गेली. खमरियाची युद्धकाळातली कागदपत्रे दुसरी मर्यादा नुकतीच ओलांडून बसली आहेत. ही व्याख्या यंत्रांना लागू पडते की नाही यावर वकील वाद घालू शकतील, घालावा. तो वाद लिलावाआधी व्हावा, एवढेच म्हणणे आहे. पैशाचे म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचे जतन हा विषय स्पष्ट नोंदवलेला आहे, आणि केंद्राची संग्रहालय अनुदान योजना प्रादेशिक व जिल्हा पातळीवरच्या संस्थांसाठीही आहे. अडचण जबाबदारीची आहे. पुरातत्त्व खात्याला हे फार नवे वाटते, राज्याला केंद्राचे वाटते, संरक्षण मंत्रालयाला हा आपला विषयच वाटत नाही.

गोपनीयतेचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात पर्यटक फिरवा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु १९४४ ची हजेरीवही, वसाहतीचा नकाशा, अपघातांची नोंद, वापरातून गेलेले दाबयंत्र यांत शत्रूच्या उपयोगाचे काय आहे? कुंपणाबाहेरची एखादी जुनी इमारत यासाठी पुरेशी आहे. जर्मनीत एसेन येथील झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद झाली. २०१० पासून तिच्या कोळसा धुण्याच्या इमारतीत रूर प्रदेशाचे संग्रहालय आहे. आपल्याकडचे उदाहरण कमी सुखाचे आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातील वस्त्रोद्योग संग्रहालयाची चर्चा मुंबईने इतकी वर्षे ऐकली, की तेवढ्यात गिरण्यांत काम केलेल्या बहुतेकांच्या आठवणीच संपत आल्या.

दुसरा आक्षेप माझ्या यजमानांनीच घेतला, आणि तो मला अधिक बोचला. ‘‘कंपनी झाली तेव्हा आम्ही विरोध करीत होतो. सरकारने संपावर बंदीचा कायदा आणला. आमच्या पोरांच्या नोकऱ्यांचे काय, हे विचारायचे सोडून तुम्ही आमचे संग्रहालय करायला निघालात. संग्रहालय मेलेल्यांचे असते, साहेब.’’ २०२१ च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याकडे त्यांचा रोख होता. मी गप्प बसलो. एखाद्या समाजाचे जतन करू लागणे म्हणजे त्याचा शेवट मान्य करणे, ही भीती निराधार नाही. एसेनचे संग्रहालय खाण बंद झाल्यावरच उभे राहिले. खमरियात मात्र आजही पाळी सुटते आणि रस्ता सायकलींनी व दुचाकींनी भरतो. चालू कारखान्याशेजारी त्याच्याच कामगारांची स्मृती मांडणारे दालन उभे राहिले, तर पुढच्या वाटाघाटीत त्या कामगारांच्या बाजूला एक पुरावाही असेल. कोणी किती वर्षे काय केले, कोण कशाने गेला, हे कंपनीच्या आकडेवारीखेरीज दुसरीकडे कोठे तरी लिहिलेले असणे त्यांना उपयोगाचे आहे. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितले. ते पटले असे त्यांनी म्हटले नाही, नाकारलेही नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एक शालेय वही पुढे ठेवली. शेजारपाजारी विचारून कोणाकडे काय आहे याची यादी करायला घेतली होती: एक नियुक्तीपत्र, युद्धकाळातले रेशनकार्ड, कारखान्याच्या नाट्यमंडळाचा छायाचित्रसंच, वसाहतीच्या गणेशोत्सवाची मराठीतली निमंत्रणपत्रिका, मोजमापाचा एक पितळी गेज, एका विधवा बाईंकडे पतीचा जळका चष्मा. बिल्ल्याची नोंद त्यांनी अजून केलेली नव्हती. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, आधी बाकीच्यांचे लिहून होऊ दे.