बातमीवर काळी शाई

रद्दीवाल्याला देण्यापूर्वी रद्दी एकदा चाळावी, ही आमची जुनी सवय. परवा चाळता चाळता एक पान हाती आले. त्यातली एक छोटी बातमी पेनाने काळीकुट्ट केलेली, मध्येमध्ये चारदोन शब्द तेवढे उघडे. शाई सांडली असेल म्हणून आम्ही ते पान बाजूला टाकले, तर पुतणी धावत आली. "काका, ती कविता आहे. टाकू नका."

शाळेत बाईंनी शिकवले म्हणे. छापील मजकुरातले मनाला लागलेले शब्द ठेवायचे, बाकी काळे करायचे. नवा शब्द घालायचा नाही, क्रम बदलायचा नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन क्लिऑन यांचे अशा कवितांचे पुस्तक २०१० साली निघाले. त्याच्याही आधी, १९६६ साली, इंग्लंडचे चित्रकार टॉम फिलिप्स यांनी एका जुन्या कादंबरीची पाने रंगवायला घेतली होती. तो उद्योग पन्नास वर्षे चालला!

आता मूळ बातमी वाचा. "गटार सफाईसाठी उतरलेल्या एका कंत्राटी कामगाराचा गुदमरून मृत्यू झाला. आत विषारी वायू असल्याची माहिती संबंधितांना होती किंवा नाही, हे समजू शकले नाही. अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे."

पोरीने ठेवले ते एवढेच:

कामगारा
आत विषारी वायू
माहिती होती
मृत्यू
सुरू आहे

'कामगाराचा' यातला 'चा' झाकला आणि उरली ती चक्क हाक. आम्ही इतकी वर्षे लिहितो, पण आम्हाला हे सुचले नसते.

वहिनींना मात्र पटले नाही. "माहिती होती, असं पेपरात कुठंय? हे खोटंच झालं की." वहिनींचे म्हणणे रास्त आहे. कविता म्हणजे पुरावा नव्हे, ते वाचणारीचे मन. म्हणून शेजाऱ्यांच्या पेपरातली तीच बातमी कापून आम्ही वहीत कवितेशेजारी चिकटवायला लावली. पण 'अकस्मात' हा शब्द पोरीने सगळ्यात दाट काळा केला होता, त्याबद्दल आम्ही तिला काही बोललो नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. मग अकस्मात कसले?

रविवारी पोरीचे मामा आले. ते याच कामावर आहेत. त्यांनी वही घेतली, कविता वाचली, शेजारची कोरी बातमी दोनदा वाचली.

"ह्यात त्याचं नाव कुठंय?"

पोरीने बातमीवरून बोट फिरवले. नाव छापलेलेच नव्हते.

"नवा शब्द घालता येत नाही, मामा," ती म्हणाली.