हळदीने कॅन्सर थांबतो? दाव्यामागची 'काळी पट्टी' समजून घ्या

'हळदीतलं कर्क्युमिन कॅन्सरचा स्विच बंद करतं' असे मेसेज सोशल मीडियावर सतत फिरतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यात हा नुसता फॉरवर्ड नाही. हे गाव ज्या वसमत तालुक्यात आहे, त्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे दावा खोटा निघाला, तर प्रश्न पिकाच्या नावाचा आहे. आणि रुग्णाच्या जिवाचाही.

हा स्विच म्हणजे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन. एरवी ते पेशीच्या केंद्रकाबाहेर थांबलेलं असतं. धोक्याचा इशारा मिळाला की आत शिरतं, डीएनएला चिकटतं आणि दाह वाढवणारी जनुकं सुरू करतं. अनेक कॅन्सरमध्ये ते सतत सुरूच असतं. कर्क्युमिन त्याला रोखतं, असा शोधनिबंध १९९५ मध्ये अमेरिकेतल्या भरत अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेतून आला.

पण प्रथिन केंद्रकात आहे की नाही, हे कळतं कसं? त्यासाठी बहुतेक वेळा अँटिबॉडी विकत आणतात. ससा किंवा उंदराच्या मदतीने बनवलेली ही अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटावी, अशी अपेक्षा असते. चिकटली की फिल्मवर काळी पट्टी उमटते. पट्टी फिकट झाली, म्हणजे प्रथिन घटलं.

गोची इथेच आहे. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटली तरी पट्टी उमटतेच! खात्री करायची, तर त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशींवर ती वापरून बघायची. पट्टी तरीही दिसली, तर अँटिबॉडी चुकीची. २०२३ मध्ये ६५ वेगवेगळ्या प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी अशाच तपासल्या गेल्या. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी एखाद्या तरी चाचणीत नापास झाल्या.

अग्रवाल यांच्या बाबतीत आक्षेप वेगळा होता. तिथे अँटिबॉडीवर नाही, तर शोधनिबंधात छापलेल्या चित्रांवरच शंका घेतली गेली. २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाने त्यांचे ७ निबंध मागे घेतले. म्हणून कर्क्युमिनवरचं सगळं संशोधन खोटं ठरत नाही, पण पाया नक्कीच डळमळला.

२०१७ मधल्या एका आढाव्याने तर १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा हिशेब मांडला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरं औषध कोणतं हे माहीत नसतं, अशा काटेकोर चाचणीत कर्क्युमिन एकदाही यशस्वी ठरलं नव्हतं. शिवाय हळदीत ते जेमतेम काही टक्के असतं आणि पोटात गेलेल्यातलंही रक्तात फारच थोडं पोहोचतं.