आकडा आला कुठून, हेही शिकवा

एक किलोओहमचा रोध आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून विद्युतदाब दिला, की एका मिलिसेकंदात कपॅसिटर सुमारे ६३ टक्के भारित होतो. स्टॉपवॉचचे बटण दाबेपर्यंत प्रयोग संपलेला असतो. संगणकाला जोडलेले मापन उपकरण मात्र तेवढ्या वेळात शेकडो नोंदी टिपते आणि आलेख समोर मांडते.

अशा उपकरणासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने २००४ मध्ये ‘फिनिक्स’ प्रकल्प सुरू केला. त्यातून तळहाताएवढे ‘एक्सपआइज’ उपकरण घडले. ते यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येते, त्याचा आराखडा आणि सॉफ्टवेअर सर्वांना खुले आहे. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावातून बीएस्सीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही मोठीच सोय आहे.

पण उपकरण टेबलावर आले, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. बारा बिटांचे उपकरण विद्युतदाबाचे ४,०९६ भाग करते. पट्टी ३२ व्होल्टची निवडली, तर एक भाग जवळपास ८ मिलिव्होल्टचा होतो. हृदयाचा ईसीजी संकेत असतो साधारण एक मिलिव्होल्टचा. तो आधी वर्धित केला नाही, तर पडद्यावर दिसणारच नाही. वेळेचेही तसेच. ट्रान्सफॉर्मरने उतरवलेला घरगुती विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा वरखाली होतो. त्याच्या नोंदीही सेकंदाला नेमक्या ५० घेतल्या, तर प्रत्येक नोंद लहरीच्या त्याच बिंदूवर पडते आणि पडद्यावर सरळ रेषा उमटते. संगणक बिघडलेला नसतो. त्याला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो.

उत्तर आधी पाहून रीडिंग ‘जमवण्याची’ सवय आपल्या प्रयोगशाळांत जुनीच आहे. तिच्या जागी पडद्यावरचा आकडा डोळे मिटून उतरवण्याची सवय आली, तर फक्त साधन बदलेल. आज हे शिकणाऱ्यांपैकीच काही जण उद्या रुग्णालयात, पाणी तपासणी केंद्रात किंवा कारखान्यात अशाच आकड्यांवर निर्णय घेतील.

म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत केवळ आलेखाला गुण देऊ नयेत. पट्टी कोणती निवडली, नोंदी किती वेगाने घेतल्या, चूक किती संभवते, हे विद्यार्थ्याला विचारावे. जुन्या मल्टिमीटरने तेच मोजून ताडा घ्यायला लावावा. उपकरण एकदाच विकत घ्यावे लागते; आकड्यावर शंका घ्यायला मात्र दर वर्षी नव्याने शिकवावे लागते.